ड्रायव्हर सापडत नव्हता

आई गेल्यानंतर मी येरमाळ्यातच राहिले. ठरवून राहिले असं नाही. तिचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा पुण्याची खोली तात्पुरती बंद करून, लॅपटॉप आणि दोन बॅगा घेऊन मी आले होते. कंपनीनं घरून काम करायला परवानगी दिली. आई बरेच महिने अंथरुणावर होती, मग गेली. तेराव्यानंतर दादा परदेशी परतला, मावशी गेली, आत्या गेली. मी म्हटलं, एवढा महिना काढू, मग बघू. तो महिना अजून चाललाय.

घर हायवेपासून थोडं आत आहे. दिवसभर ट्रक ऐकू येतात. अंगणात बाबांची गाडी ताडपत्री घालून उभी होती. बाबा गेल्यापासून ती कुणी चालवली नव्हती. दादा म्हणायचा विकून टाक, मी म्हणायची हो. मला गाडी चालवता येत नव्हती आणि विकवतही नव्हती.

माझं काम म्हणजे एका जुन्या प्रोग्रामची देखभाल. राज्यभर गोदामं असलेल्या एका कंपनीचा तो प्रोग्राम. कुठला माल कुठल्या गोदामात आहे ते सांगणारा. ज्यांनी लिहिला ती माणसं कधीच नोकरी सोडून गेली होती. त्याला हात लावायला कुणी तयार नसायचं, कारण तो किचकट होता आणि त्यावर काम करून कुणाचं नाव होत नव्हतं. म्हणून तो फिरत फिरत माझ्याकडं आला. मला तो आवडायचा. हे मी कुणाला सांगितलं नाही, सांगण्यासारखं काही नव्हतंच.

सकाळी मीटिंग असायची. कुणी चेहरा दाखवायचं नाही. पडद्यावर नुसते गोल, गोलात नावाचं पहिलं अक्षर. माझा नंबर आला की काल काय केलं, आज काय करणार ते मी सांगायची. 'थँक यू' ऐकू यायचं आणि पुढचा नंबर. काही दिवशी तेवढंच बोलणं व्हायचं. संध्याकाळी दुकानात जाऊन 'दही द्या' म्हटलं की माझाच आवाज मला घोगरा वाटायचा.

त्या उन्हाळ्यात प्रोग्राम जुन्या मशिनवरून नव्या मशिनवर न्यायचं ठरलं. काम साधं वाटत होतं. पण नव्या मशिनवर तो उठेचना. सुरू व्हायचा, दोन पावलं चालायचा आणि पडायचा. पडताना एकच ओळ लिहायचा: योग्य ड्रायव्हर सापडला नाही.

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मालाची सगळी नोंद असते डेटाबेसमध्ये. प्रोग्राम वेगळा आणि डेटाबेस वेगळा, दोघांची बोली वेगळी. त्या दोघांचं बोलणं करून देणारा एक लहानसा तुकडा असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. प्रोग्रामनं सुरू झाल्या झाल्या आधी तो ड्रायव्हर मेमरीत उचलून आणायचा, म्हणजे लोड करायचा, आणि मग डेटाबेसला हाक मारायची. ड्रायव्हरच जागेवर नसला तर पुढचं सगळं ठप्प. माझ्या लॅपटॉपवर सगळं नीट चालत होतं. नव्या मशिनवर नाही. दोन्हीकडं प्रोग्राम तोच, अक्षर न् अक्षर तोच.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या टीमच्या प्रमुखाचा फोन आला. माझ्याहून बराच लहान मुलगा, वागायला चांगला, पण कायम घाईत. घरात रेंज नीट येत नाही म्हणून मी गच्चीवर गेले. हायवेवर ट्रकची रांग लागलेली, त्यामुळं ओरडूनच बोलावं लागलं.

"ड्रायव्हरच सापडत नाहीये!" मी म्हटलं. "कालपासून शोधतेय. नाव बरोबर आहे, पण तो जागेवरच नाही."

"मॅडम, आज काही करून सापडायला पाहिजे. तिकडं माणसं खोळंबलीत."

"बघते. संध्याकाळपर्यंत बघते."

खाली येऊन पाणी पीत होते तेवढ्यात फाटक वाजलं. शेजारचे काका उभे होते.

काका एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त व्हायच्या आधी त्यांनी आमच्या शेजारची जागा घेऊन घर बांधलं. तेव्हा मी पुण्यात होते, त्यामुळं माझी त्यांची ओळख आईमार्फतच. काकू रोज दुपारी आईजवळ येऊन बसायच्या. आई जायच्या आधीच काकू गेल्या. मुलगा पुण्यात, सूनही नोकरीला. काका एकटे. भिंतीवरून आमचं बोलणं एवढंच, "जेवण झालं का?" आणि "व्हय, झालं."

एरवी ते बनियन-लुंगीवर दिसायचे. आज पांढरा इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, पायात बूट. खिशात चष्म्याचं पाकीट. खांद्यावर रुमाल.

"ताई, डायवर पायजे म्हनं?"

"अं?"

"गच्चीवर बोलत व्हता न्हवं, ऐकू आलं. कालपासून शोधायलाव म्हनं, कुनी घावंना. शेजारी डायवर बसलाय आन् गावभर कशाला शोधायलाव?" त्यांनी ताडपत्रीकडं बघितलं. "कुठं जायचंय? सोलापूरला? दवाखान्याचं हाय का काही?"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. फोन ठेवल्यापासून ते फाटक वाजेपर्यंत फार वेळ गेला नव्हता. एवढ्यात या माणसानं दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट काढला होता, बूट शोधले होते.

"काका, आधी बसा. चहा टाकते."

चहा करेपर्यंत मी शब्द जुळवत होते. कप हातात देऊन सगळं सांगितलं. प्रोग्राम, डेटाबेस, मधला तो तुकडा. ते लक्ष देऊन ऐकत होते, कपाला तोंड न लावता.

"म्हंजी मानूस न्हाय त्यो."

"नाही."

"कांप्युटरमधला हाय."

"हो."

"आन् त्याला डायवरच म्हन्त्यात?"

"ड्रायव्हरच म्हणतात, काका."

"मला वाटलं..." एवढं म्हणून ते थांबले. चहा बशीत ओतला, प्यायले. बशी खाली ठेवून रुमालानं मिश्या पुसल्या. मग त्यांनी विचारलं, "मग घावला का?"

"अजून नाही."

"मग चालू द्या तुमचं. मी हितंच बसतो जरा. ऊन लई हाय."

त्यांचं घर भिंतीपलीकडं. दहा-वीस पावलांचं ऊन. मी ओसरीवरचा पंखा लावून दिला. तिथं जुन्या पेपरांचा गठ्ठा होता, तो ते वाचत बसले. मी आत खोलीत येऊन परत लॅपटॉप उघडला.

आईच्या तेराव्यानंतर त्या घरात पहिल्यांदाच दुसरं कुणीतरी होतं. पेपरचं पान उलटल्याचा आवाज यायचा. मधेच खोकल्याचा. एकदा ते स्वतःशीच म्हणाले, "आरं बाबा बाबा," कुठल्यातरी जुन्या बातमीला. मला वाटलं होतं या आवाजांनी लक्ष उडेल. उलट डोकं जागेवर आलं. कालपासून मी जिथं प्रोग्राम पडतो तिथंच खणत होते. आता म्हटलं, पहिल्यापासून एकेक ओळ वाचू.

वाचता वाचता ते दिसलं. ड्रायव्हर लोड करायची ओळ वरतीच होती, त्यात ड्रायव्हरचं पूर्ण नाव लिहिलेलं. ज्यानं लिहिली त्यानं पुढं सोयही केली होती, की ड्रायव्हर मिळाला नाही तर काय करायचं. फक्त त्या जागी काही लिहायचंच राहून गेलं होतं. दोन कंस, आत मोकळं. म्हणजे खरी चूक तिथंच व्हायची, पण प्रोग्राम तोंडातून शब्द न काढता पुढं जायचा आणि नंतर भलत्याच ठिकाणी पडायचा. मी त्या मोकळ्या जागेत एक ओळ घातली, काय झालं ते सांग म्हणून. पुन्हा चालवला. आता त्यानं स्वच्छ सांगितलं: या नावाचं या मशिनवर काहीच नाही.

मग जुन्या मशिनवर जाऊन शोधलं. तिथं, प्रोग्रामच्या बाहेर, मशिनच्या स्वतःच्या एका फोल्डरमध्ये ड्रायव्हरची फाइल पडलेली होती. कुणीतरी कधीकाळी हातानं आणून ठेवलेली, कुठं नोंद न करता. माझ्या लॅपटॉपवरही ती कुणीतरी आधीच घालून दिली होती. नवं मशिन कोरं होतं. मी ती फाइल प्रोग्रामच्या पोटातच बांधून टाकली, म्हणजे यापुढं तो जिथं जाईल तिथं ती बरोबर जाईल. पाठवला. सुरू केला. काही क्षण काहीच नाही, आणि मग पडद्यावर मालाच्या ओळी यायला लागल्या. खताची पोती, पाइप, तेलाचे डबे.

"सापडला!" मी ओरडलेच.

ओसरीवर खुर्ची सरकली. काका दारात आले. "घावला? कुठं व्हता?"

"जुन्या मशिनवरच राहिला होता. इकडं कुणी आणलाच नव्हता."

"बरं झालं बाई." त्यांना खरंच बरं वाटलेलं दिसत होतं. "जेवल्याव का तुमी?"

मी जेवले नव्हते. ते घरी गेले आणि थाळीवर थाळी झाकून पिठलं आणि भाकरी घेऊन आले. भाकरी जाड होती, एका बाजूला करपलेली. ते समोर बसून राहिले आणि मी सगळी खाल्ली.

टीमच्या ग्रुपवर मी सगळं लिहून टाकलं होतं. कुठं अडलं, का अडलं, कसं सुटलं. जेवून आत आल्यावर बघितलं तर त्यावर दोन अंगठे उठले होते. प्रमुखानं लिहिलं होतं, ग्रेट, आता पुढचं बघून घ्या.

काका निघताना पुन्हा ताडपत्रीकडं बघत होते. मीच विचारलं, "काका, रविवारी गाडी काढू या का?"

"काढू की!" ते लगेच म्हणाले. "उभी करून ठिवल्यावर खराब व्हती गाडी."

रविवारपर्यंत त्यांनी हायवेवरच्या गॅरेजमधनं बॅटरी भरून आणली, चाकांत हवा भरली, काचा वर्तमानपत्रानं पुसल्या. मी विचारलं, कुठं जायचं. म्हणाले, "तुमी सांगा." मी म्हटलं मला कुठंच जायचं नाही, तुम्ही सांगा. जरा वेळानं म्हणाले, "ईटला जाऊ मग."

ईटला, भूमच्या पुढच्या त्या गावी, ते बरीच वर्षं मुक्कामी गाडी घेऊन जायचे. संध्याकाळी गाडी पोचायची, माणसं उतरून आपापल्या घरी जायची आणि ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपायचे. सकाळी पहिली गाडी तीच. थांब्याजवळच्या एका घरातल्या वहिनी दोघांना जेवण पाठवायच्या. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. थंडीत गोधडी द्यायच्या. हे सगळं काका भूमपर्यंत सांगत होते. लहान गाडी ते एसटीसारखीच चालवत होते, वळणावर सगळा रस्ता घेऊन, आणि थांबा आला की नकळत पाय ब्रेकवर. भूमला त्यांनी गाडी उभी केली आणि अर्धा किलो पेढे घेतले. "मोकळ्या हातानं कसं जायचं?"

ईटमध्ये थांबा होता, पण आजूबाजूचं सगळं बदललेलं. काका गाडीतून उतरून मधोमध उभे राहिले आणि दिशा लावत होते. जिथं घर असायला हवं होतं तिथं दुमजली इमारत, खाली मोबाइलचं दुकान. ते पेढ्यांची पिशवी घेऊन दुकानात गेले. मी मागं.

"हितं वैनी ऱ्हायच्या..." त्यांनी वहिनींच्या यजमानांचं आडनाव सांगितलं.

दुकानदार तिशीतला होता. "त्या व्हय? त्या पोराकडं गेल्या. जागा इकली त्यांनी. लई दिवस झाले." मग त्यानं काकांकडं नीट बघितलं. "तुमी कोन?"

"मी मुक्कामी गाडी आनायचो हितं."

"आता मुक्कामी गाडी न्हाय येत."

"व्हय. न्हायच येनार," काका म्हणाले.

ते अजून थोडं उभे राहिले, दुकानदार आणखी काही विचारेल असं वाटत असावं. पण तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, दुकानदार त्याच्याशी बोलायला लागला. आम्ही बाहेर आलो. थांब्यावर दोन म्हातारे बसले होते. काका त्यांच्यासमोरून सावकाश गेले, त्यांच्याकडं बघत. त्यांनीही बघितलं. कुणी कुणाला ओळखलं नाही.

येताना ते गाडी हळू चालवत होते. माळावर पवनचक्क्या फिरत होत्या. एक उतार संपल्यावर म्हणाले, "मानसाला वाटतंय, गाव आपली वाट बघत आसंल." पेढ्यांची पिशवी माझ्या मांडीवर होती. त्यांनी रस्त्यावरची नजर न काढता सांगितलं, "फोडा ती. खावा." आम्ही दोघांनी येरमाळ्यापर्यंत पेढे खाल्ले.

त्यानंतर दुपारी ते ओसरीवर येऊन बसायला लागले. मी आत काम करायची. फार बोलणं व्हायचं नाही. चहाच्या वेळी कधी डेपोतल्या गोष्टी, कधी मी प्रोग्रामचं काहीतरी सांगायची, ते "व्हय का" म्हणायचे. संध्याकाळी येडाईच्या, म्हणजे गावच्या देवीच्या, डोंगराकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांनी मला गाडी शिकवली. पहिल्या दिवशी मी गाडी चरात घातली. त्यांनी खाली उतरून चाक बघितलं आणि म्हणाले, "काय न्हाय झालं. क्लच हळू सोड, माय." तोवर ते मला ताई आणि तुम्ही म्हणायचे. त्या दिवसापासून मी माय झाले, तू झाले. घरी आल्यावर ते माझ्या लक्षात आलं आणि मी बराच वेळ स्वयंपाकघरात नुसती उभी होते.

दिवाळीत त्यांचा मुलगा आला. काकांचे गुडघे दुखत होते, रक्तदाब वर-खाली होत होता. मुलगा समंजस होता, मला म्हणाला, "ताई, एकट्याला ठेवून मला झोप लागत नाही." मी म्हटलं बरोबर आहे. काका त्याच्याबरोबर पुण्याला निघताना म्हणाले, "चार दिस जाऊन येतो." झाडांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडं दिली.

सुरुवातीला त्यांचा रोज फोन यायचा. मग आठवड्यातून. पुण्यात त्यांना रस्ता ओलांडायची भीती वाटते म्हणाले. "जल्मभर मोठी गाडी हाकली, आन् आता नातवाचा हात धरून पलीकडं जातो." हसले. मी पण हसले. उन्हाळ्यात मुलगा एकटाच येऊन सामान घेऊन गेला. घर भाड्यानं द्यायचं ठरलं होतं. किल्ली मी त्याला दिली.

त्याच सुमाराला सकाळच्या मीटिंगमध्ये सांगितलं गेलं की गोदामांचा प्रोग्राम बंद होणार, दुसरीकडून नवं घेतलंय. सांगणाऱ्यानं एका वाक्यात सांगितलं आणि पुढचा विषय काढला. बंद करायचं काम साहजिकच माझ्याकडं आलं. एका दुपारी मी तो शेवटचा थांबवला. त्यानं डेटाबेसशी असलेली जोडणी एकेक करून सोडली, तशी नोंद पडद्यावर येत गेली, आणि मग ओळी यायच्या थांबल्या. मी ग्रुपवर लिहिलं, झालं. त्यावर एक अंगठा उठला. उठून ओसरीवर गेले. खुर्ची तिथंच होती, पेपरचा गठ्ठाही. पंखा बंद होता. काकांना फोन लावावा वाटलं, पण त्यांना काय सांगायचं हे नीट सुचेना, आणि ती त्यांच्या झोपेची वेळ होती.

आता मला दुसरं काम दिलंय. ते नवं आहे, बरं आहे. गाडी मी चालवते. रविवारी बार्शीला जाऊन भाजी, औषधं आणते, एखादं पुस्तक. चैत्रात येडाईच्या यात्रेची गर्दी होते तेव्हा गाडी आठवडाभर काढता येत नाही; घरासमोर लोक पथाऱ्या टाकून बसतात, पाणी मागायला येतात, आणि एक दिवस सगळे निघून जातात.

शेजारी पवनचक्कीच्या कंपनीतली दोन मुलं भाड्यानं आलीत. कुठली आहेत माहीत नाही. आपसात बोलतात ती भाषा मला कळत नाही. सकाळी त्यांना न्यायला जीप येते, अंधार पडताना सोडते. गेल्या आठवड्यात त्यातला एकजण फाटकाशी आला. मी धावत जाऊन कडी काढली. त्यानं हिंदीत विचारलं, नळाला पाणी कधी येतं. मी सांगितलं, एक दिवसाआड, सकाळी. मोटर लगेच लावू नका, आधी गढूळ येतं. त्यानं मान हलवली, थँक यू म्हणाला. चहा घेता का, असं विचारायचं माझ्या ओठांवर होतं, तोवर तो वळला होता. मी कडी लावली आणि घरात येऊन पिण्याच्या पाण्याची भांडी घासायला घेतली, उद्या पाण्याचा दिवस होता.